चूर्णातले शिसे



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना सार्वजनिक आरोग्याचा असा एखादा प्रश्न घ्यावा असे मनात होते, की ज्याचे उत्तर आपल्या आवाक्यात आहे, पण जो नेमकेपणाने विचारलाच जात नाही. वजन उतरवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या वनौषधींच्या चूर्णांत, गोळ्यांत आणि काढ्यांत शिसे, पारा, आर्सेनिक, कॅडमियम असे जड धातू सापडतात, ही बातमी आता जुनी झाली. ती अधूनमधून छापून येते. एक बाजू हा आयुर्वेदाच्या बदनामीचा कट आहे असे म्हणते, दुसरी बाजू सगळा आयुर्वेदच निकालात काढते, आणि डब्यावरचे लेबल होते तसेच राहते. मला या वादात कोणाची वकिली करायची नाही. माझा मुद्दा एकच आहे. एक ग्रॅम औषधात शिसे किती, एवढेच आपले मानक विचारते. ते औषध घेणाऱ्याच्या पोटात दिवसभरात शिसे किती गेले, हे ते विचारत नाही. या दोन प्रश्नांमधले अंतर वजनाच्या औषधांत जितके घातक ठरते, तितके इतर कोणत्याही औषधांत क्वचितच ठरत असेल.

पुरावा काय आहे ते आधी पाहू. अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणारी, दक्षिण आशियात तयार झालेली ७० आयुर्वेदिक उत्पादने डॉ. रॉबर्ट सेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ७० पैकी १४ उत्पादनांत जड धातू निघाले. शिसे १३ उत्पादनांत, तर पारा आणि आर्सेनिक प्रत्येकी ६ उत्पादनांत. याच गटाने २००८ साली इंटरनेटवरून मागवलेली १९३ उत्पादने तपासली, तेव्हाही प्रमाण जवळपास तेवढेच, २१ टक्क्यांच्या आसपास निघाले. पहिल्या अहवालावर आपल्याकडे बराच गदारोळ झाला. दुसरा अहवाल त्या मानाने दुर्लक्षित राहिला, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. त्यात अमेरिकेत बनलेली आणि भारतात बनलेली उत्पादने जवळजवळ सारखीच दूषित होती. ज्यांत धातू सापडले, त्यांतल्या तीन चतुर्थांश उत्पादनांमागे उत्तम उत्पादन पद्धती पाळल्याचा दावा होता. जी रसौषधी म्हणून ओळखली जातात, म्हणजे ज्यांत धातू आणि खनिजे मुद्दाम घातलेली असतात, त्यांत धातू सापडण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. पण ज्यांत असे काही घालायचे नसते, त्यांतही ते १७ टक्के होते. आणि धातू सापडलेले प्रत्येक उत्पादन दैनंदिन सेवनाच्या कोणत्या ना कोणत्या मर्यादेपलीकडे जात होते. ही सगळी उत्पादने वजनासाठीची नव्हती, हे इथेच सांगायला हवे. परंतु वजनाची औषधे वेगळ्या मातीत पिकत नाहीत आणि वेगळ्या चक्कीवर दळली जात नाहीत.

धातू येतो कुठून? एक वाट उघड आहे. आरोग्यवर्धिनी ही गोळी महाराष्ट्रात यकृतासाठी आणि मेद उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे वापरली जाते. तिच्यात शुद्ध पारद आणि गंधक यांची कज्जली, लोहभस्म, अभ्रकभस्म, ताम्रभस्म हे घटक शास्त्रोक्तच आहेत. इथे पारा हा भेसळीचा भाग नाही, तो पाठातलाच आहे. पारद, हिंगूळ, हरताळ, मनःशिला, सिंदूर यांसारखी द्रव्ये औषध नियमांच्या ‘ई-१’ या अनुसूचीत आहेत आणि ती पोटात घ्यायच्या औषधात असतील तर लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असावी लागते. देखरेख करणारा वैद्य खरोखरच असेल, तर या औषधांविषयीची चर्चा वेगळ्या पातळीवर होऊ शकते. मला अधिक काळजी दुसऱ्या वाटेची वाटते. त्रिफळा, गुग्गुळ, मेथी, हळद, दालचिनी, आले अशा निव्वळ वनस्पतींच्या मिश्रणात शिसे येते तेव्हा ते कोणत्याही पाठात नसते. ते सांडपाण्यावर पिकवलेल्या शेतातून येते, कारखान्यांच्या आणि जुन्या रंगांच्या धुळीतून येते, रस्त्याकडेला माल वाळत घातल्याने येते, झिजलेल्या दळणयंत्रातून आणि डाग दिलेल्या भांड्यांतूनही येते. ब्राह्मीसारख्या काही वनस्पती पाण्यातले धातू स्वतःत साठवतात. शिवाय अर्क काढताना दहा किलो वनस्पतीचा एक किलो घन केला, तर धातूचा काही भागही त्या घनात एकवटतो. उघड भेसळ ही तिसरी गोष्ट. हळकुंडांना झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळला जातो. बांगलादेशात ते सिद्ध झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटणा आणि गुवाहाटीच्या बाजारांतल्या हळदीतही शिशाचे मोठे प्रमाण आढळले. २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या गरात शिसे सापडले. ते त्यातल्या दालचिनीतून आले होते आणि तिथेही संशय लेड क्रोमेटवरच गेला. हळद आणि दालचिनी या दोन्ही आज वजनाच्या कॅप्सूलमध्ये भरून विकल्या जातात.

आता मूळ मुद्द्याचे गणित. आयुर्वेदिक फार्माकोपियात वनौषधींसाठी जड धातूंच्या मर्यादा दिलेल्या आहेत. दशलक्ष भागांत शिसे १० भाग, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. शिशाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने वाळलेल्या वनस्पतींसाठी सुचवलेल्या मर्यादेइतकीच आहे. ऐकायला ती कडक वाटते. दशलक्ष भागांत १० भाग म्हणजे एका ग्रॅममध्ये १० मायक्रोग्रॅम. मेद कमी करण्यासाठी एखादे चूर्ण सकाळ-संध्याकाळ ३-३ ग्रॅम घेतले, तर दिवसाचे ६ ग्रॅम झाले. मर्यादेच्या अगदी काठावर असलेल्या, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पूर्णपणे निर्दोष असलेल्या चूर्णातून त्या माणसाच्या पोटात रोज ६० मायक्रोग्रॅम शिसे जाईल. आधुनिक औषधांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे जाऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांसाठी अन्नातल्या शिशाची संदर्भ पातळी दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम धरली आहे. म्हणजे एका मापाने बारा पट, दुसऱ्याने जवळजवळ सात पट. हेच गणित इतर धातूंसाठी केले तर चित्र वेगळे दिसते आणि तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. त्याच ६ ग्रॅममधून कॅडमियम १.८ मायक्रोग्रॅम जाईल, जिथे औषधांची मर्यादा ५ आहे. पारा ६ जाईल, मर्यादा ३० आहे. आर्सेनिक १८ जाईल, मर्यादा १५ आहे. पाऱ्याची आणि कॅडमियमची मर्यादा चूर्णाच्या मोठ्या मात्रेतही टिकते, आर्सेनिकची जेमतेम ओलांडली जाते, शिशाची मात्र पार कोलमडते. सगळ्या जड धातूंना एका माळेत ओवून ओरड करणाऱ्यांनी आणि सगळ्यांनाच निर्दोष ठरवणाऱ्यांनी, दोघांनीही हा फरक लक्षात घ्यावा. बाजारातले प्रत्येक चूर्ण मर्यादेच्या काठावर असते असे मी म्हणत नाही. पुष्कळशा मालात शिसे याहून खूप कमी असते. पण मर्यादा ही चांगल्या मालासाठी नसते. वाईट माल कुठे अडवायचा ते ती ठरवते, आणि इथे ती फार उशिरा अडवते.

यावर कोणी म्हणेल की आधुनिक औषधांची ती मार्गदर्शक तत्त्वे वनौषधींना लागूच नाहीत. हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण शिसे ज्या रक्तात उतरते ते रक्त औषधाची पद्धती पाहत नाही. शिवाय मात्रेनुसार विचार करणे ही काही परकी कल्पना नाही. रोग्याचे बल, वय, अग्नी पाहून मात्रा ठरवावी, हा तर आयुर्वेदाचा पायाच आहे. मात्रेविषयी इतके सूक्ष्म असलेल्या शास्त्राच्या औषधांना मात्रेचा विचारच नसलेली विषमर्यादा लावावी, यात त्या शास्त्राचा सन्मान कसा होतो हे मला उमगत नाही.

वजन उतरवू पाहणारी व्यक्ती या बाबतीत विशेष असुरक्षित का, ते शरीरशास्त्रातच आहे. प्रौढ माणसाने जेवणाबरोबर घेतलेल्या शिशापैकी साधारणपणे १० टक्क्यांहून कमी शिसे रक्तात शोषले जाते. तेच रिकाम्या पोटी गेले तर प्रयोगांत सुमारे ६० टक्के शोषले गेल्याचे आढळले आहे. वजनाचे चूर्ण तर अनशापोटी, कोमट पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, आणि पुढे कित्येक तास पोटात काही जात नाही. वरच्या ६० मायक्रोग्रॅमपैकी जेवणाबरोबर सहाएक मायक्रोग्रॅम आत गेले असते, तिथे उपाशीपोटी छत्तीस जाऊ शकतात. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडे शिसे अधिक ओढून घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही प्रमाण ५४ टक्के होते. त्याच पाहणीत त्याच वयाच्या २४ टक्के स्त्रिया अतिरिक्त वजनाच्या किंवा स्थूल होत्या. म्हणजे वजन उतरवण्याचे चूर्ण घेणारी स्त्री रक्तक्षयाचीही असण्याची शक्यता मोठी आहे. त्यात ती दूध सोडते, जेवण अर्ध्यावर आणते. ज्वराचे औषध पाच दिवस घेतात. हे मात्र महिनोन्‌महिने घेतात, वजन परत वाढले की पुन्हा सुरू करतात, आणि बहुतेक वेळा सांगणारा वैद्य नसून जाहिरात असते.

आत गेलेले शिसे रक्तात महिनाभर असते, पण हाडांत ते दशके राहते. कॅल्शियमच्या जागी ते हाडात बसते आणि हाड झिजू लागले की परत रक्तात येते. वजन झपाट्याने उतरते तेव्हा हाडांची झीज वाढते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना तर हाडातले कॅल्शियम बाळासाठी निघतेच, आणि त्याच्याबरोबर शिसेही निघते. नाळ शिशाला अडवत नाही. लग्नाआधी बारीक होण्यासाठी दोन वर्षे घेतलेल्या चूर्णाचा हिशेब अशा रीतीने पुढे जन्मणाऱ्या मुलाच्या मेंदूत मांडला जातो, आणि त्या मुलाची बौद्धिक हानी भरून काढण्याचा उपाय कोणत्याही वैद्यकाकडे नाही. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०११–१२ मध्ये भारतातली आयुर्वेदिक औषधे घेतलेल्या सहा गरोदर स्त्रियांची नोंद केली. त्यांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १६ ते ६४ मायक्रोग्रॅम शिसे होते. कारवाईसाठी आज धरली जाणारी पातळी ५ च्या घरात आहे. ही औषधे वजनासाठी घेतलेली नव्हती, पण औषधातले शिसे गर्भवतीच्या रक्तापर्यंत पोहोचते याला याहून थेट पुरावा लागू नये.

रसशास्त्राच्या अभ्यासकांचा आक्षेप असा, की भस्म म्हणजे धातू नव्हे. शोधन (शुद्धीकरण) आणि मारण (जाळून भस्म करणे) झाल्यावर धातूचे विषारीपण जाते. पाऱ्याच्या बाबतीत यात तथ्य आहे. कज्जलीतला पारा गंधकाशी बांधलेला असतो, आणि हे संयुग फारच थोडे विरघळते, म्हणून रसकापूर या पाऱ्याच्या दुसऱ्या संयुगापेक्षा ते कितीतरी कमी घातक आहे. हे मान्य करायला संकोच नसावा. शिशाला मात्र हा युक्तिवाद लागू पडत नाही. शिशाची ऑक्साइडे जठरातल्या आम्लात विरघळतात. भस्म पाण्यावर तरंगते का, बोटाच्या रेषांत भरते का, पुन्हा धातुरूप होते का, या परंपरागत कसोट्या सूक्ष्मता आणि पूर्ण परिवर्तन तपासतात. रक्तात किती उतरते हे त्या तपासत नाहीत. कण जितका सूक्ष्म तितका तो विरघळायला सोपा, ही बाजूही तिथे येते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००४ साली पाच राज्यांतले आयुर्वेदिक औषधांशी निगडित शिसेबाधेचे बारा रुग्ण नोंदवले. त्यांच्या रक्तातले शिसे मोजलेले आहे, अनुमानाने काढलेले नाही. शिवाय हा आक्षेप फार तर शास्त्रोक्त भस्माचा बचाव करू शकतो. रस्त्याच्या धुळीतून त्रिफळ्यात आलेल्या शिशाचे शोधन कोणी केलेले असते?

परदेशी कटाच्या आक्षेपाला उत्तर २००८ च्या आकड्यांतच आहे. अमेरिकेत बनलेला मालही तितकाच दूषित निघाला. तिथे १९९४ च्या कायद्याने पूरक आहाराला विक्रीपूर्व मान्यता लागत नाही, आणि त्याची फळे तिथले लोकही भोगत आहेत. भाजीतही शिसे असते, मग चूर्णावरच रोख का, असेही विचारतात. भाजीतही असते म्हणूनच. शिशासाठी सुरक्षित अशी पातळी ठरवता येत नाही या कारणाने जागतिक अन्न व कृषी संघटना आणि आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये आपली जुनी साप्ताहिक मर्यादाच मागे घेतली. अन्नातून थोडे येणार हे गृहीत आहे. त्यात भर घालण्याचा अधिकार ऐच्छिक चूर्णाला कशाला हवा?

सर्वांत जास्त वेळा येणारा आक्षेप म्हणजे, एवढी बाधा होत असती तर रुग्ण दिसले असते. ब्रुसेल्सचे उदाहरण इथे उद्बोधक आहे. १९९० नंतरच्या दोन वर्षांत तिथल्या एका वजन-उपचार केंद्रात दिलेल्या चिनी वनौषधींत एका वनस्पतीच्या जागी विषारी ॲरिस्टोलोकिया आली, आणि शंभरहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झाले, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. तो विषय धातूंचा नव्हता. पण तो उजेडात आला याचे कारण सगळ्या रुग्णांचा पत्ता एकाच केंद्राशी जुळत होता. शिशाचे रुग्ण असे एकत्र येत नाहीत. पोटात कळ, बद्धकोष्ठ, थकवा, डोकेदुखी, रक्त कमी होणे, चिडचिड ही लक्षणे घेऊन ते वेगवेगळ्या दवाखान्यांत जातात. कळ आम्लपित्तात जमा होते, रक्तक्षयाला लोहाच्या गोळ्या मिळतात. रक्तातले शिसे तपासण्याची चाचणी कोणी सुचवत नाही. आणि शिसे बरेच चढले की भूक मरते, वजन घटते. औषध घेणाऱ्याला वाटते गुण येतो आहे, म्हणून तो ते थांबवत नाही.

कायद्याच्या बाजूने आपण पुरते निःशस्त्र आहोत असे नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याच्या अनुसूचीत स्थूलतेचे नाव आहे. ती बरी करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरातच निषिद्ध आहे. म्हणून जाहिराती चयापचय सुधारण्याच्या आणि वजन नियंत्रणाच्या भाषेत बोलतात. दुसरे असे, की तीच वनस्पती औषध परवान्यावरही विकता येते आणि २०१६ च्या नियमांखाली पूरक आहार म्हणून, अन्न परवान्यावरही. ज्या दारातून तपासणी सोपी, त्या दारातून माल बाहेर पडणार. २००५ साली आयुष विभागाने निव्वळ वनौषधींची जड धातूंची तपासणी जानेवारी २००६ पासून सक्तीची केली, पण त्या आदेशाचा भर निर्यातीवर होता. परदेशी ग्राहकासाठी जे प्रमाणपत्र आवश्यक ठरते, ते इचलकरंजीच्या किंवा अमरावतीच्या ग्राहकाने का मागू नये?

माझी मागणी लहान आहे. मर्यादा लेबलवरच्या जास्तीत जास्त दैनिक मात्रेला लावावी. चूर्ण ६ ग्रॅम घ्यायला सांगत असाल, तर त्या ६ ग्रॅममध्ये मिळून शिसे किती, हे मोजा आणि बॅचनिहाय अहवाल डब्यावरच्या क्यूआर कोडने कोणालाही पाहता येईल असा ठेवा. औषध परवाना असो वा अन्न परवाना, नियम एकच असावा. लहान उत्पादकांना हे झेपणार नाही, असे म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे, कारण प्रयोगशाळेचा खर्च प्रत्येक घाण्यामागे सोसणे त्यांना जड जाते. पण शासनाने जिल्हा पातळीवर सामायिक तपासणी केंद्रे दिली आणि कच्च्या मालाची चाळणी क्ष-किरणांवर चालणाऱ्या हातात धरायच्या यंत्राने बाजारपेठेतच केली, तर बराचसा दूषित माल दळण्याआधीच बाजूला पडेल. बांगलादेशाने हळदीच्या बाबतीत हेच केले. २०१९ मध्ये शिशाविषयी जाहीर इशारे दिले, घाऊक बाजारात यंत्र घेऊन तपासणी केली, भेसळ करणाऱ्यांना दंड केला. बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांत शिसे सापडण्याचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आले आणि हळद गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातले शिसेही उतरले. आपल्यापेक्षा कमी साधने असलेल्या देशाने दोन वर्षांत हे साधले.

नियम बदलेपर्यंत वाट पाहण्याची गरज नसलेली काही कामे आहेत आणि ती या सभागृहातल्या वैद्यांना आणि डॉक्टरांना करता येतील. चूर्ण घेणारा माणूस त्याला औषध म्हणत नाही, म्हणून ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाच्या उत्तरात ते येत नाही. काढा, चूर्ण, वजनाचा चहा, पावडर ही नावे घेऊनच विचारावे लागते. कारण न सापडणाऱ्या पोटदुखीत आणि लोह देऊनही न हटणाऱ्या रक्तक्षयात रक्तातले शिसे तपासावे. दीर्घकाळ अशी उत्पादने घेतलेली स्त्री मूल होण्याचा विचार करत असेल, तर तिची ही तपासणी आधीच व्हावी. पातळी जास्त निघाली तर पहिला उपचार म्हणजे ते उत्पादन बंद करणे. शिसे बाहेर काढणारी औषधे त्यानंतर आणि तज्ज्ञाच्या निर्णयानेच. आणि तो डबा फेकू देऊ नये. त्यावर बॅच क्रमांक असतो, आत थोडे चूर्ण उरलेले असते, आणि एवढ्यावरून अन्न व औषध प्रशासनाला त्याच बॅचचा बाकीचा माल दुकानांतून उचलता येतो.